गाठ आहे, पण कोणती?

‘पिशवीला गाठ आहे’ हे वाक्य आपल्याकडे बहुतेक घरांत कधी ना कधी ऐकलेलं असतं. बायका ते हळू आवाजात सांगतात, पुरुष ते अर्धवट ऐकतात आणि मुली स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकतात. त्यावर उत्तरंही दोनच ठरलेली असतात. एक म्हणजे, ‘काही नाही, साधी असते, सगळ्यांनाच असते.’ दुसरं, ‘कॅन्सर होईल, काढून टाक एकदाची.’ ही दोन्ही उत्तरं घाईची आहेत. गर्भाशयातल्या गाठी एका जातीच्या नसतात. काही आयुष्यभर निमूट बसून राहतात, काही हळूहळू हातपाय पसरतात, तर काही फार वेगाने वाढतात. त्या ओळखण्याची एक नवी रीत गेल्या पंचवीस वर्षांत तयार झाली आहे. गाठीच्या पेशींत दोन वेगळी जनुकं एकमेकांना चुकीची जोडली गेली आहेत का, हे पाहण्याची ही तपासणी. इंग्रजीत या जोडणीला जीन फ्यूजन म्हणतात.

मी डॉक्टर नाही. शब्दांशी खेळणारी बाई आहे. पण हा सगळा मामला अक्षरांचा आणि शब्दांचाच आहे असं जेव्हा माझ्या लक्षात आलं, तेव्हा तो तुम्हाला सांगण्याचं धाडस झालं.

आधी गर्भाशयाची थोडी ओळख करून घेऊ. उलट्या टांगलेल्या नासपतीएवढा हा अवयव. त्याची भिंत जाड स्नायूंची असते आणि आतून मऊ अस्तर असतं. अस्तरात बारीक ग्रंथी असतात आणि त्या ग्रंथींना धरून ठेवणारी पेशींची गादी असते. त्या गादीला स्ट्रोमा म्हणतात. आपण ज्यांना ‘गाठी’ म्हणतो त्या बहुतेक भिंतीच्या स्नायूंमधून उगवतात. त्या फायब्रॉइड. त्या किती सर्रास असतात, हे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीवरून कळतं. पन्नाशीपर्यंत पोचलेल्या गोऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के आणि कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणींना फायब्रॉइड आढळले. म्हणजे ‘सगळ्यांनाच असते’ म्हणणारी शेजारीण फारशी चुकत नाही. हे फायब्रॉइड कर्करोग नव्हेत.

गर्भाशयाचा नेहमी आढळणारा कर्करोग अस्तरातल्या ग्रंथींमधून होतो. पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावरून जाऊ लागलं तर डॉक्टर ताबडतोब तपासायला सांगतात, ते याच्यासाठी. आणि तिसरा गट म्हणजे सार्कोमा. भिंतीच्या स्नायूंतून किंवा अस्तराच्या गादीतून उठणारा कर्करोग. गर्भाशयाच्या एकूण कर्करोगांत त्याचा वाटा तीन ते सात टक्क्यांच्या आसपास असतो. संख्येने कमी, पण ओळखायला अवघड. सोनोग्राफीत तो अनेकदा फायब्रॉइडसारखाच दिसतो. पाळीचा त्रासही तसाच, पोट जड होणंही तसंच.

ही ओळख किती महत्त्वाची आहे, याचा धडा अमेरिकेत २०१४ साली मिळाला. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत लहान छिद्रातून मोठी गाठ बाहेर काढता यावी म्हणून तिचे पोटातच तुकडे करणारं एक यंत्र वापरलं जात होतं. त्या देशाच्या औषध प्रशासनाने त्या वर्षी एप्रिलमध्ये जाहीर इशारा दिला. फायब्रॉइड समजून शस्त्रक्रिया होणाऱ्या सुमारे ३५० स्त्रियांमागे एकीला न ओळखलेला सार्कोमा असू शकतो आणि यंत्राने तुकडे करताना त्याच्या पेशी पोटभर पसरू शकतात, असा तो इशारा होता. ३५० मध्ये एक हा आकडा लहान वाटतो. पण ती एक आपल्या घरातली असली तर तो लहान राहत नाही.

आता तुम्ही म्हणाल, गाठ काढल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की कळत नाही का? बहुतेक वेळा कळतं. पॅथॉलॉजिस्टची नजर हीच आजही पहिली आणि सर्वांत मोठी तपासणी आहे. पण काही गाठी एकमेकींचे कपडे घालून येतात. लांबट, चातीसारख्या पेशी स्नायूंच्या गाठीत असतात, गादीच्या गाठीत असतात आणि इतरही दोन-तीन जातींत असतात. पेशी दाटीने भरलेला साधा फायब्रॉइड आणि गादीतून उठलेला मंद कर्करोग यांतला फरक अनुभवी डोळ्यांनाही कधी कधी चकवतो. अशा वेळी कपडे पाहून भागत नाही, आतलं हस्ताक्षर वाचावं लागतं.

हे हस्ताक्षर म्हणजे डीएनए. आपल्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, म्हणजे २३ जोड्या. त्यांवर सुमारे वीस हजार जनुकं आहेत आणि प्रत्येक जनुक म्हणजे एखादं प्रथिन कसं तयार करायचं याची लिहिलेली कृती. ही लिपी अवघ्या चार अक्षरांची आहे आणि ती तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत वाचली जाते. मराठीत गंमत करून पाहू. ‘कमल नयन सरल सदन’ अशी ओळ घ्या. तीन अक्षरांचा एकेक शब्द. पण पहिलं अक्षर सोडून दुसऱ्यापासून वाचायला लागलात तर? ‘मलन यनस रलस’ असं काहीतरी होईल. अक्षरं तीच, अर्थ गेला. पेशीच्या लिपीतही हाच नियम आहे.

आता कल्पना करा की दोन वेगळ्या ग्रंथांची पानं फाटली आणि बाइंडरने एका ग्रंथाच्या अर्ध्या पानाला दुसऱ्याचं अर्धं पान शिवून टाकलं. पेशींचं विभाजन होताना, किंवा इतर वेळीही, गुणसूत्रं कधी कधी तुटतात. पेशीकडे दुरुस्तीची व्यवस्था असते. ती तुटलेली टोकं शोधून पुन्हा जोडते. पण दोन ठिकाणी एकदम तुटलं तर सातव्या गुणसूत्राचं टोक सतराव्याला जोडलं जाण्याची शक्यता असते. अशी जोड बहुधा निरर्थक ठरते. ‘कमल न’ आणि ‘पवन’ जोडले की ‘कमल नपव न’ होतं, त्यातून काही निष्पन्न होत नाही. मात्र क्वचित सांधा बरोबर शब्दाच्या सीमेवर बसतो. ‘कमल’ला ‘पवन’ जुळतो आणि ओळ वृत्तात बसते. मग पेशी ती ओळ खरी मानून वाचू लागते. जगात कधी नव्हतं असं अर्धं-अर्धं प्रथिन तयार होतं. ते जर पेशीच्या वाढीशी संबंधित असेल, तर वाढ थांबवणारा हात सुटतो. गझल लिहिणाऱ्यांना हा धोका चांगला ठाऊक आहे. वृत्त चुकलेली ओळ कोणीही लगेच पकडतो. वृत्तात चपखल बसलेली चुकीची ओळ मात्र मैफलीत खपून जाते.

ही कल्पना आधी रक्ताच्या कर्करोगात सापडली. १९६० साली फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना एका प्रकारच्या ल्युकेमियाच्या पेशींत एक आखूड झालेलं गुणसूत्र दिसलं. ते आखूड का झालं, हे १९७३ साली शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवून दिलं. त्या गुणसूत्रांच्या छायाचित्रांची कात्रणं घरी जेवणाच्या टेबलावर मांडून जुळवत बसायच्या. मुलं म्हणायची, आई कागदाच्या बाहुल्यांशी खेळते. त्या खेळातून कळलं, की नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे एकमेकांना दिले आहेत. पुढे त्या जोडीतून तयार होणारं प्रथिन सापडलं आणि नेमकं त्यालाच रोखणारं इमॅटिनिब हे औषध २००१ साली अमेरिकेत मंजूर झालं. चूक कुठे आहे ते अक्षराअक्षराने वाचलं, तर तिच्यावर बोट ठेवता येतं, हे तेव्हा सिद्ध झालं.

त्याच २००१ साली गर्भाशयाच्या गाठींतही अशी जोड सापडली. अस्तराच्या गादीतून उठणाऱ्या मंद सार्कोमात सातव्या गुणसूत्रावरचं जेएझेडएफ-१ आणि सतराव्यावरचं एसयूझेड-१२ ही दोन जनुकं एकत्र आलेली दिसली. यातलं एसयूझेड-१२ हे पेशीतली कोणती जनुकं गप्प ठेवायची, हे पाहणाऱ्या मंडळाचं सभासद आहे. रखवालदारालाच भलत्याशी जोडून टाकल्यावर घराचं काय होणार? या जातीच्या साधारण निम्म्या गाठींत ही जोड आढळते. बाकीच्यांत इतर जनुकांच्या जोड्या असतात, किंवा एकही सापडत नाही.

२०१२ साली आणखी एक जोड समोर आली. दहाव्या आणि सतराव्या गुणसूत्रांमधली, वायडब्ल्यूएचएई आणि एनयूटीएम-२ या जनुकांची. ती सापडते अशाच गादीतून उठणाऱ्या, पण वेगाने वाढणाऱ्या सार्कोमात. तोपर्यंत या गाठींचं नेमकं स्थान ठरत नव्हतं. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने गाठींच्या वर्गीकरणात ही तीव्र जात पुन्हा स्वतंत्रपणे मांडली, त्यामागे या शोधाचा मोठा हात होता. नंतर बीसीओआर या जनुकाच्या जोडीचे सार्कोमा ओळखले गेले. तेही तीव्र असतात आणि दिसायला स्नायूंच्या सार्कोमासारखे असल्याने फसवतात.

आणखी दोन नावं सांगते, कारण त्यांच्यासाठी आता औषधं आहेत. एक एएलके. गर्भाशयात क्वचित एक गाठ होते, जिच्यात लांबट पेशींच्या जोडीला सूज आल्यावर दिसणाऱ्या पांढऱ्या पेशींचीही गर्दी असते. ती फायब्रॉइड म्हणून किंवा स्नायूंचा सार्कोमा म्हणून सहज नोंदली जाऊ शकते. तिच्या मुळाशी बहुतेक वेळा एएलके जनुकाची जोड असते. ही गाठ शस्त्रक्रियेने काढता येण्यासारखी नसेल किंवा पुन्हा उलटली असेल, तर क्रिझोटिनिब हे एएलकेला रोखणारं औषध देता येतं. अमेरिकेत त्याला या कारणासाठी जुलै २०२२ मध्ये मंजुरी मिळाली.

दुसरं एनटीआरके. हे जनुक मुख्यतः मज्जापेशींच्या कामाचं. ते भलत्या जनुकाला जोडलं गेलं की विजेचं बटण चालूच अडकून बसावं तशी पेशी वाढत राहते. २०१८ साली गर्भाशयाच्या, विशेषतः गर्भाशयमुखाच्या, काही सार्कोमांत ही जोड दाखवण्यात आली. त्याच वर्षी लॅरोट्रेक्टिनिब हे औषध मंजूर झालं. गाठ कोणत्या अवयवात आहे हे न पाहता, जोड आहे की नाही एवढंच पाहून ते दिलं जातं. सुरुवातीच्या अभ्यासात चार महिन्यांच्या बाळापासून ७६ वर्षांच्या व्यक्तीपर्यंत ५५ रुग्ण होते, १७ प्रकारच्या गाठी होत्या, आणि त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांच्या गाठी आक्रसल्या. हे औषध महाग आहे आणि अशी जोड फार थोड्या जणींत सापडते. पण जिच्यात सापडते, तिच्यापुढे एक वेगळी वाट उघडते.

माझ्या आपाच्या, म्हणजे मोठ्या बहिणीच्या बाबतीत हे सारं मी जवळून पाहिलं. पिशवी काढली तेव्हा ती अठ्ठेचाळीसची होती. गावाकडच्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, पेशींची दाटी असलेला फायब्रॉइड. स्ट्रोमाच्या गाठीची शक्यता तपासून घ्यावी. त्या दुसऱ्या अर्ध्या वाक्यासाठी मी त्या अनोळखी पॅथॉलॉजिस्टला आजही दुवा देते. तिचा नमुना मुंबईला गेला, तपासणीत सात आणि सतराची जोड निघाली आणि गाठ भिंतीत घुसलेलीही दिसली. मंद जातीचा स्ट्रोमल सार्कोमा.

आता यात फरक काय पडला, असं कोणी विचारेल. गाठ तर आधीच काढली होती. फरक पुढच्या सगळ्याच गोष्टींत पडला. या जातीची गाठ स्त्रीच्या इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसली जाते. म्हणून डॉक्टरांनी बीजाशयं काढण्याचा सल्ला दिला आणि इस्ट्रोजेन कमी करणारी लेट्रोझोलची गोळी सुरू केली. बीजाशयं गेल्यावर आपाच्या अंगाची आग होऊ लागली, रात्र रात्र झोप नाही. मोहल्ल्यातल्या एकीने तिला त्यावर स्वतः घेत असलेली हार्मोनची गोळी आणून दिली. इतरांना ती चालतेही. पण आपाला ती गोळी म्हणजे आगीत तेल. गाठीचं नाव ठाऊक होतं म्हणून ते पाकीट परत गेलं. शिवाय ही जात फार संथ असते. अनेक वर्षांनी, कधी फुप्फुसातही, ती पुन्हा उगवू शकते. म्हणून दोन वर्षं बरी गेली की ‘सुटलो’ म्हणता येत नाही, वर्षानुवर्षं तपासत राहावं लागतं. हीच गाठ तीव्र जातीची निघाली असती, तर संप्रेरकांच्या गोळ्यांचा फारसा उपयोग झाला नसता आणि केमोथेरपीचा विचार करावा लागला असता. नाव बदललं की औषध बदलतं, ते असं.

मात्र एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. जोड सापडली म्हणजे निकाल लागला, असं नाही. अस्तराच्या गादीची एक अगदी निरुपद्रवी गाठ असते. तिची कड गुळगुळीत असते, ती शेजारच्या भिंतीत घुसत नाही. तिच्यातही हीच सात-सतराची जोड सापडते. दोघींचं हस्ताक्षर सारखं, वागणूक वेगळी. फरक कळतो तो गाठीची कड सगळीकडून पाहिल्यावर, आणि ते काम डोळ्यांचंच. म्हणून तपासणीचा कागद घेऊन घरी अर्थ लावत बसू नये. स्लाइड, तपासणी आणि बाईची प्रकृती ही तिन्ही एका टेबलावर ठेवून वाचायची असतात.

ही तपासणी करतात कशी? काढलेला भाग आधी फॉर्मेलिनच्या द्रावणात ठेवतात. मग त्याचे छोटे तुकडे मेणात बसवतात. त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. दिसायला साबणाच्या चिपेएवढा. त्यातून केसाहून पातळ काप काढून काचेवर घेतात, ती स्लाइड. पहिली पायरी म्हणजे विशिष्ट रंग देणारी तपासणी. ठराविक प्रथिन जास्त असेल तर पेशी तपकिरी रंगतात. एएलके किंवा एनटीआरकेचा संशय असेल तर या तुलनेने स्वस्त तपासणीने पहिली चाळणी लागते. दुसरी पायरी फिश. ही मासळी नव्हे, तपासणीचं नाव आहे. जनुकाच्या एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला हिरवा चमकणारा रंग लावतात. जनुक अखंड असेल तर दोन्ही ठिपके शेजारी शेजारी, जवळजवळ पिवळे दिसतात. तुटलं असेल तर लाल एकीकडे, हिरवा दुसरीकडे. यातून जनुक तुटलं हे कळतं, पण ते कोणाला जोडलं गेलं हे बहुधा कळत नाही. त्यासाठी तिसरी पायरी, आरएनए सिक्वेन्सिंग. जनुकावरून पेशी जी कामाची नक्कल उतरवते, तो आरएनए. ती नक्कलच यंत्राने अक्षरन् अक्षर वाचायची. एका वेळी अनेक जनुकं तपासली जातात आणि दोन्ही अर्धुकांची नावं समोर येतात.

या तपासणीच्या मर्यादाही आहेत. आरएनए फार नाजूक असतो. नमुना नीट जपला नसेल, ब्लॉक फार जुना असेल किंवा त्यात गाठीचा भाग थोडाच आला असेल, तर यंत्राला काही वाचता येत नाही. तपासणीच्या यादीत जे जनुक नाही, त्याची जोड दिसणार नाही. म्हणून ‘जोड आढळली नाही’ याचा अर्थ ‘कर्करोग नाही’ असा होत नाही. स्नायूंच्या सार्कोमात तर अशी ठराविक जोड बहुधा नसतेच. आणि ही तपासणी सरसकट करायचीही नाही. साध्या फायब्रॉइडला तिची गरज नाही. २०११ साली फिनलंडच्या संशोधकांना सुमारे ७० टक्के फायब्रॉइडमध्ये एमईडी-१२ या जनुकात बदल सापडला. ती जोड नव्हे, एकाच जनुकातली लहानशी चूक. अस्तरातल्या ग्रंथींच्या नेहमीच्या कर्करोगासाठीही वेगळ्या जनुकीय तपासण्या आहेत. फ्यूजनची तपासणी लागते ती पॅथॉलॉजिस्टला शंका असेल तेव्हा, गाठ सार्कोमाची असेल तेव्हा किंवा आजार उलटला आणि औषधाची वाट शोधायची असेल तेव्हा. ती स्वस्त नाही. म्हणून ‘या तपासणीने उपचारात काय बदलेल?’ हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा. तो उद्धटपणा नाही.

आता सर्वांत अवघड प्रश्न. आपाला स्वतःच्या आजाराची जेवढी भीती वाटली नाही, तेवढी ‘जनुक’ या शब्दाची वाटली. रिपोर्ट हातात घेऊन तिने पहिला प्रश्न विचारला, “माझ्या पोरींना तर नाही ना होणार हे?” आणि दुसरा, अधिक हळू आवाजात, “कोणाला सांगायचं नाही ना? त्यांची लग्नं व्हायचीत.” हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. कुठल्याही जातीधर्माच्या घरात आई हेच विचारते. जनुक म्हटलं की खानदान आलं, खानदान आलं की सोयरीक आली.

म्हणून हे स्वच्छ सांगायला हवं. गाठीतली ही जोड आईबापांकडून आलेली नसते आणि मुलांकडे जात नाही. ती बाईच्या आयुष्यात, तिच्या गर्भाशयातल्या एका पेशीत घडलेली असते आणि त्या पेशीच्या वंशापुरतीच राहते. बाकी शरीरातला ग्रंथ जसाच्या तसा असतो. खानदानी दोष असतात, नाही असं नाही. अस्तराच्या कर्करोगाचा काही भाग लिंच सिंड्रोम नावाच्या आनुवंशिक दोषातून येतो. एफएच या जनुकाच्या आनुवंशिक दोषात तरुणपणीच पुष्कळ फायब्रॉइड होतात, कातडीवर दुखऱ्या गाठी येतात आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा धोका असतो. पण त्यांची तपासणी निराळी, ती रक्त किंवा लाळ घेऊन करतात आणि घरातल्यांनाही समजावून सांगतात. गाठीच्या ब्लॉकवर केलेली फ्यूजनची तपासणी गाठीबद्दल बोलते, घराण्याबद्दल नाही. सोयरीक मोडण्यासारखं तिच्यात काही नसतं.

शेवटी त्या बाटलीबद्दल बोलायला हवं, जिच्यावर हे सगळं अवलंबून आहे. शस्त्रक्रिया झाली की आपल्याकडे नातेवाइकांना बाहेर बोलावून काढलेली पिशवी दाखवतात. पुष्कळ ठिकाणी बाटली नातेवाइकाच्याच हातात देतात, ‘लॅबमध्ये नेऊन द्या’ म्हणतात. आपाच्या वेळी तर आम्हाला विचारलं गेलं, ‘तपासायला पाठवायची का, वेगळे पैसे लागतील.’ घरातली दोन पुरुषमाणसं एकमेकांकडे पाहू लागली. काढून टाकलेल्या वस्तूवर खर्च कशाला, हा विचार कोणाच्याही मनात येतो. गरिबाच्या तर येतोच.

आणि हा काही थोड्या बायकांचा प्रश्न नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. खाडा बुडू नये, पाळीची कटकट नको, म्हणून ऐन उमेदीत पिशवी काढून घेतलेल्या बायका. त्यातल्या अनेकींना ‘कॅन्सर होईल’ अशी भीती घालण्यात आली होती. गाठ कोणती आहे हे न पाहता पिशवी काढायची आणि काढल्यावरही ती न तपासता टाकायची, यात बाईच्या शरीराचा दोनदा अपमान होतो. गाठ साधी असेल तर कदाचित पिशवी काढण्याची गरजच नव्हती. आणि साधी नसेल, तर ते तिला कळायलाच हवं होतं.

म्हणून काही गोष्टी प्रत्येक घराने ध्यानात ठेवाव्यात. पिशवी किंवा गाठ काढली तर ती तपासायला गेलीच पाहिजे, पूर्ण. बाटली मोठी असावी, फॉर्मेलिन नमुन्याच्या दहापट तरी असावं. साध्या पाण्यात किंवा सलाइनमध्ये नमुना ठेवू नये, तो सडतो आणि मग कोणतीही तपासणी चालत नाही. बाटलीवर नाव, तारीख लिहिली आहे का पाहावं आणि ती घरी ठेवून न घेता त्याच दिवशी पोचवावी. रिपोर्ट आल्यावर तो पिशवीत घालून कपाटात ठेवू नये, डॉक्टरांना दाखवावा. शंकेचं एखादं वाक्य असेल तर त्याचा अर्थ विचारावा. ब्लॉक आणि स्लाइड लॅबमध्ये असतात. दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्यायचं असेल तर ते मागता येतात. मोठ्या कर्करोग रुग्णालयांत बाहेरचे ब्लॉक पुन्हा तपासतात, त्यासाठी नव्याने कापाकापी करावी लागत नाही. ब्लॉक एकच असतो, म्हणून तो जपून न्यावा, उन्हात ठेवू नये, मेण वितळतं. आणि काम झालं की आठवणीने परत घ्यावा. पाच-सात वर्षांनी पुन्हा लागला, तर तोच उपयोगी पडतो.

पिशवीबद्दल आपण आजवर हळू आवाजात बोलत आलो. विज्ञानाने आता तिच्यातल्या एकेका गाठीचं अक्षरन् अक्षर वाचून दाखवलं आहे. आपण निदान मोठ्याने विचारायला शिकलं पाहिजे. यापुढे कोणी ‘पिशवीला गाठ आहे’ असं सांगितलं, तर ‘साधी असते’ही म्हणू नका आणि ‘काढून टाक’ही म्हणू नका. एवढंच विचारा, ‘कोणती गाठ आहे? रिपोर्ट काय म्हणतो?’